सतरा बाळांची वजनं

"शैलजा, हे इथं काय झालंय?"

चौसाळकर मॅडमनी आलेखाचा कागद माझ्याकडे फिरवला आणि पेन्सिलीचं टोक एका उंच खांबावर टेकवलं. बालरोग विभागाची ओपीडी नुकतीच संपली होती. बाकावर कुणाची तरी दुधाची बाटली विसरून राहिली होती आणि मावशी तिच्याभोवतीनं फरशी पुसत होत्या.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होते. विद्यार्थ्यांनी दोन महिन्यांत करायच्या छोट्या संशोधनाची एक योजना तेव्हा होती आणि आमच्या वर्गातून मी एकटीनंच अर्ज केला होता. विषय मॅडमनी सुचवला होता. बाळ जन्मल्यापासून तासाभरात त्याचं नेमकं वजन करायचं आणि आईचं वय, उंची, खाणंपिणं, कष्टाची कामं यांच्याशी ते ताडून बघायचं. शंभर बाळं करायची. त्यासाठी वॉर्डातला एकुलता एक इलेक्ट्रॉनिक काटा मॅडमनी मला दिवसभर वापरायला दिला होता. दहा ग्रॅमचा फरकसुद्धा त्यावर दिसायचा. रोज सकाळी तो टॉवेलात गुंडाळून मी लेबर रूममध्ये न्यायची आणि संध्याकाळी वॉर्डात परत आणून ठेवायची.

उदगीरला माझे वडील भेटेल त्याला सांगत होते, पोरगी संशोधन करते आहे.

"शंभर-शंभर ग्रॅमचे गट केलेत मी," मॅडम म्हणाल्या. "एक्क्याऐंशी बाळं. बाकीचा आलेख बघ, टेकडीसारखा चढतोय, उतरतोय. पण अडीच किलोच्या गटात एकदम सोळा? शेजारी सात आणि आठ. असं निसर्गात होत नाही."

मी कागदाकडे बघत राहिले. 

"मला वाटतं, काटा अडकतोय," त्या म्हणाल्या. "अडीचच्या आसपास कुठंतरी. आणि तसं असेल तर फारच वाईट. याच काट्यावर आपण रोज संध्याकाळी वॉर्डातल्या पोरांची वजनं घेतो. त्या वजनावर औषधाचे डोस ठरतात." त्यांनी फोन उचलला. "आजपासून तो वापरायचा नाही म्हणून सांगते. गेल्या पंधरा दिवसांतले सगळे डोस पुन्हा तपासायला लागतील."

"मॅडम, काटा बरोबर आहे."

"तुला काय माहीत?"

"काटा बरोबर आहे," मी पुन्हा म्हणाले. "या एक्क्याऐंशीतली सतरा वजनं मी घेतलेलीच नाहीत."

त्यांनी फोन हळूच खाली ठेवला.

मग मी सगळं सांगितलं. पॅथॉलॉजीच्या चाचणी परीक्षेचे ते दोन आठवडे. त्या विभागातले सर हजेरी घेताना मला उभं करून म्हणाले होते, "संशोधन नापास झाल्यावर करत बस, तेव्हा वेळच वेळ असेल." मग लेबर रूमच्या माझ्या खेपा चुकायला लागल्या. पहिल्यांदा दोन बाळं हुकली, तेव्हा लेबर रूमच्या रजिस्टरमधून त्यांची वजनं उतरवून घेतली. रजिस्टरमध्ये नुसतं अडीच, तीन, पावणेतीन असं लिहिलेलं असायचं. ते माझ्या बाकीच्या आकड्यांत वेगळं दिसलं असतं. म्हणून अडीचचं मी दोन किलो पाचशे वीस करायची, कधी पाचशे दहा. आयांना वॉर्डात गाठून बाकीचे प्रश्न मात्र मी खरोखर विचारले होते. तेवढं एक मनाला समजावायला पुरायचं.

माझं बोलून संपलं. मॅडम ओरडतील, मला बाहेर काढतील, डीनना पत्र लिहितील, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या सतरांपैकी रजिस्टरमध्ये अडीच लिहिलेली किती?"

"नऊ."

"ती नऊ बाळं आत्ता कुठं आहेत?"

मला प्रश्नच कळला नाही.

"दोन किलो तीनशेच्या खाली वजन आलं तर तू आम्हाला ताबडतोब कळवायचं, असं ठरलं होतं ना आपलं?" त्या उठल्या. "त्या नवांची वजनं कुणीच नीट केलेली नाहीत. त्यातलं एखादं खूप बारीक असेल आणि आपण त्याला तसंच घरी पाठवलं असेल तर? आधी बाळं शोधू. तुझं काय करायचं ते मग बघू. काटा घे."

लेबर रूमच्या इनचार्ज खंडागळे सिस्टर उंचापुऱ्या, आवाजाला करड्या. मी पहिल्या दिवशी काटा घेऊन गेले तेव्हापासून त्यांचं माझ्याशी जेवढ्यास तेवढंच होतं. मॅडमनी रजिस्टर मागितल्यावर त्यांनी ते काढून दिलं, पण हात त्यावरून उचलला नाही.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "ही पोरगी काटा घेऊन आली तेव्हाच म्हटलं, आता आमची वजनं खोटी काढणार. बोला, नोटीस कधी पाठवताय?"

"खोटी वजनं माझी आहेत, सिस्टर," मी म्हणाले. "तुमच्या रजिस्टरमधून चोरली मी."

 सिस्टरनी रजिस्टरवरचा हात उचलला.

रजिस्टर उलटं चाळत मॅडम महिनाभर मागं गेल्या. अडीच, अडीच, पावणेतीन, अडीच, तीन, अडीच.

"सिस्टर, सव्वादोन एकही नाही?"

"आधी हा काटा बघा." सिस्टरनी कोपऱ्यातल्या जुन्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं. वर काहीही ठेवलेलं नसताना त्याचा काटा शंभर ग्रॅमवर उभा होता. सिस्टरनी टेबलाला जरा धक्का दिला, तर तो दीडशेवर गेला. "तीन वर्षं झाली, नवा मागतेय. आणि दुसरं सांगू? राग मानू नका. अडीचच्या खाली लिहिलं की बाळ तुमच्या विभागात दाखवायला पाठवावं लागतं. पाठवलं की तासाभरानं परत येतं. 'जागा नाही, आईपाशीच ठेवा.' खाली तुमच्याच निवासी डॉक्टरची सही. तेवढ्यासाठी बाळंतिणीनं टाके सांभाळत दोन जिने चढायचे, उतरायचे. शेवटी मीच अडीच लिहायला लागले."

"हे मला माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

"विचारलं नाही कुणी."

 मग मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्या सिस्टरांशेजारी बसल्या. "नऊ नावं आहेत. मला मदत करा."

पुढची पंधरा मिनिटं मी नावं वाचत गेले आणि सिस्टर सांगत गेल्या. त्यांना सगळ्या बाया आठवत होत्या. दोघी सीझर झालेल्या, अजून वॉर्डातच होत्या. त्यांची बाळं आम्ही तिथल्या तिथे काट्यावर घेतली. एक दोन किलो चारशे साठ, दुसरं दोन किलो तीनशे दहा. दोन्ही टवटवीत होती, दुधासाठी रडत होती. सहा जणी शहरातल्याच. त्यांना दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, लसीकरणाला बोलावलेलंच होतं. तरी मॅडमनी समाजसेवकाला पत्ते देऊन घरोघर निरोप धाडले.

राहिली एक. अनुसया शिंगाडे, वय एकोणीस, माहेर खडकवाडी. मुलगी. बारा दिवसांपूर्वी सकाळी सव्वाअकराला जन्मलेली. त्या वेळी मी पॅथॉलॉजीच्या हॉलमध्ये उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहीत असणार.

"ते बारीक होतं," सिस्टर सावकाश म्हणाल्या. "हातात घेतलं तेव्हाच कळलं मला. दोनच्या थोडं वर असेल."

"आणि अडीच लिहिलं तुम्ही?"

"लिहिलं."

मॅडमनी पर्समधून स्कूटरची किल्ली काढली.

खडकवाडी चौदा किलोमीटर. मी मागं बसले होते, टॉवेलात गुंडाळलेला काटा मांडीवर धरून. थंडी नुकती सुरू झाली होती. कमी वजनाच्या बाळाला थंडी सोसत नाही हे मला माहीत होतं. महिन्यापूर्वीच मॅडमनी शिकवलं होतं. अशी बाळं मोठ्यानं रडत नाहीत, नुसती झोपून राहतात, आणि घरच्यांना वाटतं, किती शांत आहे. शांत म्हणता म्हणता ती गार पडतात. रस्ताभर माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. 

गावात शिंगाडेंच्या सुनेचं माहेर विचारलं. एका म्हाताऱ्यानं देवळामागच्या घराकडे हात केला. आम्ही वळलो आणि मला ते दिसलं. दारात बायकांची ही गर्दी. पन्नासेक चपला अंगणात पडलेल्या. काही बायका डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर बसलेल्या, काही आत वाकून बघत होत्या.

मी उतरले आणि जागीच उभी राहिले. मॅडमनी स्कूटर उभी केली आणि त्याही तिथेच थांबल्या. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. त्यांनी तो घट्ट धरला होता.

तेवढ्यात आतून कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या बायका एकदम हसल्या.

ओट्यावरच्या एकीनं आम्हाला पाहिलं. "या की बाई! कुणाकडनं आलात? या, बारसं चाललंय."

बारसं. बारावा दिवस. मी मटकन ओट्याच्या पायरीवर बसले. माझ्या मांडीवरचा काटा कुणीतरी आहेर समजून उचलायला लागलं, तेव्हा मॅडम हसल्या. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसू.

आत पाळणा सजवून टांगलेला होता, पण त्यात बाळ नव्हतं. पाळण्यात कुंची घातलेला वरवंटा झोपवला होता आणि बायका त्यालाच झोके देत होत्या. अनुसया भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पदराखाली छातीशी काहीतरी बांधलेलं होतं. त्यातून लोकरीच्या टोपीचा लाल गोंडा तेवढा वर दिसत होता.

"आम्ही सरकारी दवाखान्यातून आलोय. बाळ पाळण्यात नाही घातलं?" मॅडमनी विचारलं.

"कसं घालू?" अनुसयाची आई पुढं झाली. "तुमच्याच दवाखान्यातल्या त्या उंच सिस्टरबाईनं सांगितलंय. महिनाभर लेकरू आईच्या छातीवरनं खाली उतरवायचं नाही. उघडं अंग, वर लुगडं. आंघोळ घालायची नाही. दर दोन घंट्याला पाजायचं, झोपलं असलं तरी उठवून. आणि म्हणली, ऐकलं नाही तर मी खडकवाडीला येऊन तुमच्या कानाखाली काढीन. आता अशी बाई खरंच आली तर काय करायचं? म्हणून म्हटलं, वरवंट्यालाच जोजवू."

बायका पुन्हा हसल्या. एक म्हातारी फणकाऱ्यानं म्हणाली, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

मॅडम अनुसयापाशी खाली बसल्या. त्यांनी आधी आपले हात एकमेकांवर चोळून गरम केले. बाळाचे पाय दाबून पाहिले, पोटाला हात लावला, ओठांवर बोट टेकवलं. बाळानं ते बोट असं काही तोंडात ओढलं की मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"लघवी किती वेळा होते?"

"मोजत नाही बाई. दुपट्यांची दोरी भरलीय मागं."

"काटा लाव, शैलजा."

मी काटा जमिनीवर सपाट ठेवला, टॉवेल घातला, आकडे शून्यावर आणले.  दाराला लगेच पडदा ओढला, चूल जवळ होतीच. बाळ टॉवेलावर ठेवताक्षणी त्यानं हातपाय झाडले आणि सगळं घर दणाणेल असं रडायला सुरुवात केली. तसं रडणं मी त्याआधी आणि त्यानंतरही शेकड्यांनी ऐकलंय. त्या दिवसाइतकं गोड मला कधीच वाटलं नाही.

दोन किलो तीनशे चाळीस.

"जन्मताना यापेक्षा बरीच कमी असणार," मॅडम हळू आवाजात मला म्हणाल्या. "नक्की किती, ते आता कुणालाच कळणार नाही." मग अनुसयाकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "छान चाललंय तुझं. अगदी असंच चालू ठेव. लसीला मात्र आणायची. नाव काय ठेवलं?"

"रेणुका."

आम्हाला घुगऱ्या खाल्ल्याशिवाय कुणी सोडलं नाही. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं हे मला तेव्हा कळलं. मी दोन वाट्या खाल्ल्या.

परतताना गावाबाहेर आल्यावर मॅडमनी स्कूटर रस्त्याकडेला थांबवली. मला वाटलं, आता.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "दोन बाळं हुकली, तेव्हाच?"

मी खरं ते सांगितलं. "तुम्ही रोज विचारायचात, किती झाली? रोज संध्याकाळी पहिला प्रश्न तोच. कालच्यापेक्षा वाढली नाहीत, हे सांगायची मला लाज वाटायची."

त्यांनी नजर समोरच्या तुरीच्या शेताकडे वळवली.

"शंभर का सांगितली मी तुला, माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "काही कारण नाही. दिसायला बरं दिसतं." मग म्हणाल्या, "ते सतरा फॉर्म फाडायचे नाहीत. प्रत्येकावर आडवी रेघ मार आणि खाली लिही, हे वजन मी घेतलेलं नाही. सही कर. अहवालातही ते जाईल, तुझ्या शब्दांत. योजनावाल्यांनी अहवाल नाकारला तर नाकारला. सिस्टरचा काटा, परत पाठवलेली बाळं, आमच्या विभागाच्या सह्या, ते मी लिहीन. ते माझं आहे."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी उद्या यायचं का, मॅडम?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही विचारलं होतं. "सहा बाळं येणार आहेत उद्या लसीला. त्यांची वजनं मी करू? बस मागे."

मी बसले. काटा मांडीवर घेतला. स्कूटर सुरू झाली आणि मग मी रडले, वाऱ्यात, तोंड टॉवेलात घालून. मॅडमना ऐकू गेलं असणार. त्यांनी वेग थोडा कमी केला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सहाही आया आल्या. कुठलंच बाळ आजारी नव्हतं. दोघं बारीक होती. मॅडमनी त्यांच्या आयांना खंडागळे सिस्टरांकडेच पाठवलं, "छातीशी कसं बांधायचं ते यांच्याकडून शिका" म्हणून. सिस्टर मला काही बोलल्या नाहीत. पण त्या आठवड्यात मी लेबर रूममध्ये गेले, तर माझ्या काट्यासाठी टेबलावरची एक बाजू रिकामी करून ठेवलेली होती. नवा काटा त्यांना मिळायला पुढचा उन्हाळा उजाडला.

गुरुवारी आमची पॅथॉलॉजीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. दुपारी तीनला सुटले आणि तशीच लेबर रूमकडे धावले. सकाळपासून तीन बाळं झाली होती, तिघांचाही तास उलटून गेला होता. सिस्टरनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. मी ते उघडलं नाही. तीन कोरे फॉर्म काढले, आयांची नावं लिहिली, आणि वजनाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी लिहिलं, 'वजन घेतलं नाही. मी परीक्षेला होते.'

मग मेसमध्ये जाऊन पोटभर जेवले.